बर्फाच्या कारखान्यापासून दोनशे दक्षिणेला

१

गुरुवारी सकाळी मी कॉफी गाळत होते आणि बाबा मागच्या पायरीवर बसून सुरीने बुटांचा चिखल खरवडत होते. कापडी गाळणीतून दोन कप कॉफी उतरेपर्यंत जो वेळ जातो, तेवढाच आम्हा बापलेकीचा बोलायचा वेळ. नंतर मी संस्थेत निघून जायची.

"काल तीन वाजता फोन केला. उचलला नाहीत."

"सलूनमध्ये होतो."

"डोक्यावर मोजून चाळीस केस, आणि रोज सलून?"

"केस कमी झाले की निगा जास्त लागते, पोरी."

"आणि हा चिखल?"

"सलूनवाल्याने अंगण खणलंय."

बत्तीस वर्षं आमच्या पालोमार गावाचे पोस्टमन होते ते. पत्रं पोचवण्यात एकदाही चुकले नाहीत, पण खोटं बोलायला मात्र कधी शिकले नाहीत. चिखल तांबडा होता. तो मी पाहिला, पण त्यावर विचार केला नाही, कारण मला उशीर होत होता.

"हृदयाच्या गोळ्या सोमवारी संपल्या ना? मागवल्या होत्या त्या आल्या का?"

त्यांनी बूट पायरीवर आपटला. "तुझ्या संस्थेची वस्तू कधी चुकते का?"

हे उत्तर नव्हतं. पण मी त्याला उत्तर समजले, कप धुतला, आणि निघताना म्हणाले, "फार चालू नका." ते "बरं" म्हणाले. संध्याकाळी आम्ही भात आणि काळा घेवडा खाल्ला, रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकला आणि झोपलो.

शुक्रवारी पहाटे ते उठलेच नाहीत.

२

आमच्याकडे दफनाच्या दिवसापासून नऊ दिवस घरी जपमाळ होते. रोज संध्याकाळी शेजारपाजार जमतो, प्रार्थना होते, मग गुळाचं गरम पाणी आणि केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तमाल. त्या नऊ दिवसांत मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते: बाबा फार शांत माणूस होते. दुसऱ्या आणि पाचव्या दिवशी एक बाई आल्या. मी त्यांना ओळखत नव्हते. कोपऱ्यात उभ्या राहून त्या माझ्यापेक्षा जास्त रडल्या. जाताना माझा हात दाबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि न बोलताच गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी गोळ्या शोधल्या. खण, उशीखाली, कोटाचे खिसे, आंघोळीच्या खोलीतलं फडताळ. सापडली ती जुनी रिकामी पट्टी. तिच्यातली शेवटची गोळी सोमवारी संपलेली. संस्थेच्या संकेतस्थळावर बाबांची मागणी उघडली. तिथे लिहिलं होतं: "पोचलं. मंगळवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटं."

घरात काही पोचलेलं नव्हतं.

ते संकेतस्थळ माझं होतं. बांधलं मी नव्हे, पण बांधायला दिलं मी. मी पालोमार ग्राहक सहकारी संस्थेची सचिव. किराणा आणि औषधं घरपोच द्यायची असं संचालक मंडळाने ठरवलं, तेव्हा राजधानीतल्या, सान होसेच्या, एका जुन्या कंपनीने चाळीस लाख कोलोन मागितले आणि चार महिने. जाफेत आणि केयलिन या भावंडांनी सहा लाख मागितले आणि अठरा दिवस. जाफेत आधी लग्नांचे फोटो काढायचा. केयलिनने तीन महिन्यांचा वर्ग केला होता. दोघांनी मिळून तोवर एकच संकेतस्थळ बनवलं होतं, कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या दुकानाचं. मी त्यांना काम दिलं. वाचलेल्या पैशांतून दुकानात मोठा फ्रीजर आला आणि सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

आता मला एकच गोष्ट कळायला हवी होती. बाबा मंगळवार, बुधवार, गुरुवार गोळीविना राहिले आणि म्हणून गेले का? डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही. त्या हो म्हणाल्या असत्या, तर ते वाक्य मला आयुष्यभर सांभाळावं लागलं असतं.

दहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, दारात ओदिली बाई उभ्या. शाळेत त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला. आता सत्तरी ओलांडली आहे आणि संस्थेच्या दक्षता समितीवर त्या एकट्याच आहेत, कारण बाकीचे दोघे त्यांच्या भीतीने राजीनामा देऊन गेले.

"रडून झालं असेल तर चपला घाला," त्या म्हणाल्या. "नऊ दिवसांत अकरा तक्रारी आल्यात. अकरा खोके 'पोचले' आणि एकही पोचला नाही. अध्यक्ष उलिसेस म्हणतायत, पोचवणाऱ्याने चोरले. शनिवारच्या सभेत त्याला काढणार आणि पोलिसांत देणार."

"बारा," मी म्हणाले.

"काय बारा?"

"अकरा नाही, बारा खोके. बारावा बाबांचा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग आधी तोच शोधू."

३

पोचवणारा माणूस म्हणजे एर्लिन ओबांदो. पंचेचाळिशीचा, निकाराग्वाचा, फेब्रुवारीत गावात आलेला. गोदामाच्या दारात तो पिठाची पोती उतरवत होता. अध्यक्ष उलिसेस ब्रेनेसही तिथेच होते. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, आणि बोलताना तो खुळखुळवायची सवय.

"विचारा, विचारा," उलिसेस म्हणाले. "बाहेरच्या माणसाला गावात घेतलं की असंच होतं."

"तुमचे आजोबा कुठून आले होते, उलिसेस?" ओदिली बाई म्हणाल्या. "नकाशावर दाखवू? मी शिकवलंय तुम्हाला, तुम्ही नापास झाला होतात."

किल्ल्या थांबल्या.

"मंगळवार, चौदा दिवस होतील उद्या," बाई एर्लिनला म्हणाल्या. "औषधाचा लहान खोका. कुठे दिलात?"

"ठिपक्यावर, बाई."

"ठिपक्यावर म्हणजे?"

त्याने फोन दाखवला. गावाचा नकाशा आणि त्यावर लाल ठिपके. "यात नाव येत नाही, पत्ताही येत नाही. खोक्यावर नुसता नंबर. फोनमध्ये तो नंबर दाबला की ठिपका दिसतो. तिथे जायचं, दार वाजवायचं, द्यायचं आणि 'पोचलं' दाबायचं. दाबलं की ठिपका जातो."

"दाराचा फोटो काढत नाही?"

"पहिला आठवडा काढायचो. मग त्या भावंडांनी बंद केलं. फोटो साठवायला जागा पुरत नाही म्हणाले."

मी पोत्यांकडे बघत राहिले. जास्तीची जागा विकत घ्यायला मीच नकार दिला होता.

"तो दरवाजा आठवतो?"

"आठवतो की. पिवळा. आत पोपट आहे. मला पाहिलं की 'चोर, चोर' ओरडतो." तो पीठ झटकत म्हणाला, "मला वाटायचं, गावाने त्यालाही शिकवून ठेवलंय."

उलिसेस हसले. "ऐकलंत? कहाणी रचतोय."

"चोर पोपट रचत नाही," ओदिली बाई म्हणाल्या. "चोर म्हणतो, आठवत नाही. ज्याला पिसांचा रंग विचारला तरी सांगता येईल तो तिथे गेलेला असतो. कोणत्या रंगाचा हो?"

"हिरवा. शेपटी झडलेली."

"आमचं दार निळं आहे," मी म्हणाले. "आणि आम्ही पक्षी पाळत नाही."

एर्लिनने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मी कोण हे त्याला तेव्हा कळलं असावं.

"मग मी तुमच्या घरी कधी आलोच नाही, ताई," तो हळू म्हणाला. "पिवळं दार नदीपलीकडे आहे. नव्या वस्तीत."

४

आमच्या स्वयंपाकघरात ओदिली बाईंनी बारा मागण्या टेबलावर मांडल्या.

"पत्ते वाचा. मोठ्याने. शाळेत वाचायचात तसे, पण चुका न करता."

मी वाचू लागले. "बर्फाच्या कारखान्यापासून शंभर दक्षिणेला, गुलाबी घर. बर्फाच्या कारखान्यापासून तीनशे पूर्वेला, आंब्याच्या झाडामागे. बर्फाच्या कारखान्यापासून दोनशे दक्षिणेला, पन्नास पूर्वेला, निळं दार." हा शेवटचा आमचा.

आमच्या घरांना नंबर नाहीत. पत्ता म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेल्या एखाद्या जागेपासून मोजलेले मीटर. पालोमारमध्ये अशा तीन जागा: चर्च, शाळा आणि बर्फाचा कारखाना.

"चर्चपासून मोजणाऱ्या किती जणांचं हरवलं?" बाईंनी विचारलं.

मी कागद चाळले. "एकाचंही नाही."

"शाळेपासून?"

"नाही."

"आता सांगा, बर्फाचा कारखाना कुठे आहे?"

मी खिडकीतून बोट दाखवलं आणि हात तसाच राहिला. मी बोट दाखवलं होतं त्या जागेवर गुडघाभर गवत आहे. कारखाना एकोणीस वर्षांपूर्वी जळाला. मालकाने नवा बांधला तो नदीपलीकडे. पण पत्ते कुणी बदलले नाहीत. आम्ही अजून त्या गवतापासूनच मोजतो, आणि म्हणतो कारखान्यापासून. इथे वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. कारखाना कुठे होता, हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

"त्या भावंडांना ठाऊक नव्हतं," ओदिली बाई म्हणाल्या. "त्यांनी नकाशात बघितलं, कारखाना नदीपलीकडे दिसला, तिथून मोजलं. ठिपका पडला पलीकडे. एर्लिन बिचारा ठिपक्यामागे गेला. तोही नवाच, त्याला कोण सांगणार?"

माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं. मग जागेवर आलं. "म्हणजे गोळ्या पलीकडे गेल्या. बाबांपर्यंत आल्याच नाहीत."

"घाई करू नका. माझं गणित अजून सुटलेलं नाही." त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "संकेतस्थळ कधी सुरू झालं?"

"एक मार्चला."

"ठिपके तेव्हापासून चुकीचे?"

"हो. असणारच."

"पहिली तक्रार कधीची?"

मी तारीख पाहिली. बाबांना पोचवून आलो त्यानंतरच्या सोमवारची.

"मार्च आणि एप्रिल, दोन महिने. कारखान्यापासून मोजणारी पन्नास घरं. सगळे खोके नदीपलीकडे जातायत आणि कुणाचीही तक्रार नाही, कारण सगळ्यांना सामान मिळतंय. कसं?" त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "चोरी त्या सोमवारी सुरू झाली नाही, इव्हानिया. त्याआधीच्या शुक्रवारी काहीतरी थांबलं."

आमच्या बाजूची माती काळी आहे, ज्वालामुखीच्या राखेची. तांबडी माती फक्त नदीपलीकडे आहे.

५

निघण्याआधी बाई म्हणाल्या, एक फोन करू, अहवालात लागेल. मी जाफेतला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"कारखाना तुम्ही कुठे धरलात?" बाईंनी विचारलं.

"नकाशावर आहे तिथे. का, काय झालं?" मागे लहान मूल रडत होतं. "केयलिन, ऐक जरा, पालोमारवाल्या बाई आहेत."

मग केयलिनचा आवाज आला, घाबरलेला. "आम्हाला शंका आली होती. चर्च बरोबर जुळत होतं, शाळा जुळत होती, पण कारखान्याच्या पत्त्यांत घरं नदीच्या पात्रात पडत होती, दोन-तीन. म्हणून आम्ही विचारलं होतं. लिहून."

"कुणाला?"

"इव्हानियाबाईंना. आम्ही लिहिलं, हे काम आम्ही पहिल्यांदाच करतोय, गावातला कुणी माहितगार माणूस एक दिवस आमच्याबरोबर बसेल का. त्यांचं उत्तर आलं. वाचू?"

"नको," मी म्हणाले.

पण बाई म्हणाल्या, "वाचा."

केयलिनने वाचलं. "माहितगार माणसाची आवश्यकता नाही. नकाशावरून घ्यावे. एक तारखेला सुरू झालेच पाहिजे."

शब्द माझेच होते. लिहिल्याचं मला आठवत होतं, आणि कुठल्या दिवशी तेही. त्याच दिवशी सकाळी, कॉफी गाळताना, बाबा म्हणाले होते, "ती पत्त्यांची यादी मी एकदा बघून देऊ का?" आणि मी म्हणाले होते, "बाबा, आता ते कुणाच्या डोक्यातलं नको. मशीनमधलं पाहिजे. तुम्ही निवृत्त आहात, आराम करा." ते "बरं" म्हणाले होते.

फोन बंद झाल्यावर ओदिली बाईंनी वही मिटली. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही. बाई शिक्षिका असल्याने एरवी थोडं बोलतात.

"चला," एवढंच म्हणाल्या. "ऊन उतरायच्या आत पूल ओलांडू."

६

नव्या कारखान्याच्या फाटकापासून आम्ही मोजत निघालो. दोनशे दक्षिणेला. मग पन्नास पूर्वेला. तांबड्या मातीत माझ्या चपला रुतत होत्या. पन्नास पुरे झाले आणि समोर पिवळं दार होतं.

"चोर," आतून कुणीतरी म्हणालं. "चोर, चोर."

दार उघडलं. जपमाळेला आलेल्या त्याच बाई.

"आलात," त्या म्हणाल्या. "मी उद्या येणार होते. म्हटलं, नऊ दिवस तरी होऊ देत. मी मिरेया. आत या. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो पाद्र्यालाही तसंच म्हणतो."

पडवीत एका बाकावर खोके रचलेले होते. ओदिली बाईंनी नंबर पाहत पाहत मोजले. अकरा.

"बारावा?" मी विचारलं.

"बसा आधी." मिरेयाताईंनी खुर्ची पुढे केली. "मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दारात साबणाचा खोका आला. मी मागवला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुमचे वडील आले, टोपी हातात धरून. म्हणाले, 'बाई, हा साबण माझा आहे. तुमचं आणि माझं घर एकाच पत्त्यावर आहे, फक्त मध्ये नदी आली.' त्यांचा खोका पोचला नाही तेव्हा त्यांनी बसून विचार केला होता आणि थेट इथे चालत आले होते. मग म्हणाले, असे आणखी असतील. आणि वस्तीत घरोघर गेले. कोणत्या दारात कुणाचा खोका पडणार, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या दिवसापासून वस्तीतले लोक चुकीचा खोका माझ्या पडवीत आणून ठेवायचे. ते तीन वाजता यायचे, खोके पिशवीत भरायचे आणि संध्याकाळच्या आत ज्याचे त्याला."

"आणि ज्यांना मिळायचे ते काही बोलले नाहीत?" बाईंनी विचारलं.

"त्यांना वाटलं, संस्थेनेच पुन्हा कामावर घेतलंय. कुणी विचारलं तर ते सांगायचे, मुलीजवळ काढू नका, तिने जिवाचं रान करून हे उभं केलंय, दोन महिन्यांत ती स्वतःच दुरुस्त करेल." मिरेयाताई थांबल्या. "मी म्हणायचे, अहो, सांगून टाका की तिला. तर म्हणायचे, 'माझी मुलगी चूक शोधते, तिला कुणी दाखवलेली आवडत नाही. माझ्यावरच गेलीय.'"

ओदिली बाई खोकल्या. हसू लपवायची ती त्यांची जुनी रीत आहे.

मी विचारलं. शेवटी विचारलंच. "त्या मंगळवारी औषधाचा खोका आला होता. एर्लिनने इथे दिला. तो बाबांनी नेला का?"

"नेला नाही," मिरेयाताई म्हणाल्या.

मी खुर्चीतून अर्धी उठले.

"नेला नाही, कारण गोळी चारला घ्यायची असायची, आणि चारला ते इथे असायचे. कॉफीबरोबर घ्यायचे. म्हणाले, इथेच राहू द्या, रोज घरून आणायला विसरायला होतं." त्या आत गेल्या आणि खांद्याला अडकवायची चामडी पिशवी घेऊन आल्या. बाबांची टपालाची पिशवी. ती त्यांनी निवृत्तीच्या दिवशी परत केली असं मला सांगितलं होतं.

पिशवीत दोरा, पेन्सिलीचा तुकडा, रुमाल आणि औषधाचा खोका होता. खोक्यात दहा-दहाच्या तीन पट्ट्या. दोन अखंड होत्या. तिसरी मी उलटी केली.

"मोजा," ओदिली बाई म्हणाल्या. "मोठ्याने."

"सात."

"किती गेल्या?"

"तीन."

"कोणत्या?"

"मंगळवार," मी म्हणाले. "बुधवार. गुरुवार."

एकही चुकली नव्हती. मी पुन्हा मोजलं, आणि पुन्हा. मग हसू आलं, आणि हसता हसता ते रडू झालं. मिरेयाताईंनी माझ्यापुढे गुळाचं पाणी ठेवलं. पोपट म्हणाला, "चोर," आणि ओदिली बाई त्याला म्हणाल्या, "गप्प बस, केस सुटली."

परतताना आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर पिकादो बाई हात पुसत बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, चालण्याचंसुद्धा. रोज पूल ओलांडून, खांद्यावर ओझं घेऊन.

"मीच सांगितलं होतं चालायला," त्या म्हणाल्या. "जानेवारीपेक्षा एप्रिलमध्ये त्यांची तब्येत चांगली होती. मला आश्चर्य वाटलं होतं. तुमच्या वडिलांचं हृदय दहा वर्षांपूर्वीच थकलं होतं, इव्हानिया. ते झोपेत थांबलं. तुम्ही काही केलं असतं तरी थांबलं असतं, आणि काही केलं नसतं तरीही."

घरी आले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

७

शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात सर्वसाधारण सभा झाली. खुर्च्या कमी पडल्या. एर्लिन मागे भिंतीला टेकून उभा होता, बुधवारी सगळे खोके स्वतः पोचवून आलेला. नव्या वस्तीतले लोकही आले होते. ते सभासद नव्हते, पण त्यांना बाहेर जा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

ओदिली बाईंनी अहवाल वाचला. कारखाना, ठिपके, नदी, माझे बाबा. बाबांचं नाव आलं तेव्हा टोप्या उतरल्या. उलिसेस उठले, एर्लिनपर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं." एर्लिन म्हणाला, "पोपटाच्या वतीने माफी कोण मागणार?" लोक हसले, आणि सभागृहातली हवा सैल झाली.

"संकेतस्थळ बांधणारे अननुभवी होते," बाईंनी शेवटचं वाक्य वाचलं, "आणि पत्त्यांची यादी माहितगार माणसाकडून तपासली गेली नाही. अहवाल समाप्त."

का तपासली गेली नाही, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. वही मिटताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दार त्यांनी माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं, आत यायला किंवा निघून जायला.

"म्हणजे दोष त्या भावंडांचा," उलिसेस म्हणाले. "त्यांच्याकडून सहा लाख परत मागू. ठराव मांडतो. अनुमोदन?"

दोन-चार हात वर गेले. मी उठले.

"अनुमोदन देऊ नका," मी म्हणाले. "त्यांनी विचारलं होतं. आम्हाला येत नाही, कुणीतरी माहितगार द्या, असं त्यांनी लिहिलं होतं. मी नाही म्हणाले. ते पत्र माझ्याकडे आहे, हवं त्याने वाचावं."

वर गेलेले हात खाली आले. मला वाटलं होतं आवाज जाईल, पण तो गेला नाही.

"माहितगार माणूस माझ्याच घरात होता. त्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, यादी बघून देऊ का. मी नाही म्हटलं ते पैसे वाचवायला नव्हे. त्यांना काही मोबदला नको होता. मला वाटलं, त्यांना जे येतं ते आता कुणाला लागत नाही. नऊ दिवस मी तुम्हा सगळ्यांना सांगत होते की बाबा फार शांत माणूस होते. ते शांत नव्हते. मिरेयाताईंकडे ते दोन-दोन तास बोलायचे. माझ्यापुढे ते गप्प राहायचे, कारण मी त्यांना गप्प केलं होतं."

मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली. मी लोकांकडे बघत होते, पण आता त्यांच्याशी बोलत नव्हते.

"मला ते काम येत नव्हतं, बाबा," मी म्हणाले. "तुम्हाला येत होतं."